ऊर्ध्वपातनाचा इतिहास

एकमेकांत पूर्णपणे मिसळलेले द्रव त्यांच्या बाष्पनशीलतेतील भेदाच्या आधारे अलग करण्याच्या क्रियेस ऊर्ध्वपातन म्हणतात. तेल व पाणी यांसारखे न मिसळणारे द्रव नुसते स्थिर ठेवले तरी थर करून राहतात व तळाशी तोटी असलेल्या नरसाळ्यातून ते वेगळे काढता येतात. अल्कोहॉल व पाणी यांचे तसे नाही. त्यांसाठी मिश्रण उकळून, निघणारे बाष्प थंड करून पुन्हा द्रवरूप करावे लागते. शालेय पुस्तकांत ही क्रिया ‘ज्याचा उकळबिंदू कमी तो द्रव आधी निघून जातो’ अशा एका वाक्यात सांगितलेली असते. हे वाक्य सोयीचे असले, तरी पुरते खरे नाही. अल्कोहॉल ७८·४° से. ला व पाणी १००° से. ला उकळते, परंतु वजनी १०% अल्कोहॉल असलेले द्रावण सु. ९१° से. ला उकळू लागते आणि त्याच्या पहिल्या बाष्पातही जवळजवळ निम्मे पाणी असते. दोन्ही घटक एकदमच वर जातात, फक्त त्यांचे प्रमाण बदलते. ही गोष्ट ध्यानात येऊन तिच्यावर उपाय सापडेपर्यंत बरीच शतके लोटली.

समुद्राच्या पाण्याची वाफ थंड केल्यास गोडे पाणी मिळते, हे अ‍ॅरिस्टॉटल (इ. स. पू. चौथे शतक) यांना माहीत होते. परंतु उपकरणांची निश्चित वर्णने ॲलेक्झांड्रियाच्या किमयागारांपासून मिळतात. इ. स. ३०० च्या सुमारास झोसिमॉस यांनी तीन नळ्यांच्या एका पात्राचे वर्णन करून त्याचे श्रेय मारिया नावाच्या ज्यू स्त्रीस दिले आहे. या पात्राच्या ‘अँबिक्स’ या ग्रीक नावावरून अरबी ‘अल्-अंबिक’ व त्यावरून यूरोपीय भाषांतील ‘अलेंबिक’ हे शब्द आले. नवव्या शतकात अल्-किंदी यांनी सुगंधी द्रव्ये व त्यांचे ऊर्ध्वपातन यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

भारतात या क्रियेची परंपरा जुनी असली, तरी तिच्या काळाविषयी मतभेद आहेत. पेशावरजवळच्या चारसद्दा येथील शेखान ढेरी व तक्षशिला येथील उत्खननांत मिळालेल्या मातीच्या भांड्यांवरून रेमंड ऑल्चिन यांनी १९७९ मध्ये असे प्रतिपादन केले की, मद्याचे ऊर्ध्वपातन गांधार प्रदेशात ख्रिस्ती सनाच्या आरंभीच्या सुमारास होत असावे. हे मत सर्वमान्य झालेले नाही, कारण सुटी भांडी जुळवून उभारलेले यंत्र हा अखेर तर्कच होय. रसशास्त्राचा पुरावा अधिक ठाम आहे. रसरत्नसमुच्चय या ग्रंथात पाऱ्याच्या शुद्धीसाठी ऊर्ध्वपातन, अधःपातन व तिर्यक्पातन अशी तीन यंत्रे दिली आहेत. यांपैकी पहिल्यात बाष्प वरच्या पालथ्या मडक्याच्या थंड तळाला चिकटते, तर तिसऱ्यात ते तिरप्या नळीतून दुसऱ्या, थंड ठेवलेल्या भांड्यात उतरते. तेव्हा आजच्या प्रयोगशाळेतील मांडणीला ‘तिर्यक्पातन’ हेच नाव अधिक शोभले असते. मराठीत मात्र ‘ऊर्ध्वपातन’ रूढ झाले; हिंदीत हाच शब्द घनाचे थेट बाष्प होण्याच्या क्रियेला (मराठीत संप्लवन) लावतात आणि ऊर्ध्वपातनाला ‘आसवन’ म्हणतात. दोन्ही भाषांतील पुस्तके वाचणाऱ्या विद्यार्थ्याचा त्यामुळे हमखास घोटाळा होतो.

सोळाव्या शतकाच्या अखेरच्या आईन-इ-अकबरीत उसापासून मद्य काढण्याच्या तीन रीती वर्णिल्या आहेत. पोर्तुगीजांनी आणलेल्या काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस गोव्यात भट्टीवरील ‘भाण’ या पात्रात उकळतात व बाष्प ‘लावणी’ या थंड ठेवलेल्या पात्रात जमवतात. पहिल्या खेपेस सौम्य हुर्राक मिळते व ती नव्या रसात मिसळून पुन्हा उकळली की फेणी होते. काजूच्या फेणीस २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एका उकळीने पुरेशी विलगता साधत नाही, ही गोष्ट भट्टीवाल्यांना अनुभवाने ठाऊक होती.

यूरोपात बाराव्या शतकापासून मद्यार्क काढला जाऊ लागला. तेराव्या शतकात बोलोन्या येथील वैद्य ताद्देओ आल्देरोत्ती यांनी पाण्यात बुडवलेली नागमोडी नळी वापरली. थंडावा पात्राच्या डोक्यावरून नळीकडे गेल्यामुळे बाष्प वाया जाणे कमी झाले व तीव्र मद्यार्क मिळू लागला. शाळेत ज्याला ‘लीबिग संघनक’ म्हणतात, त्याचा मूळ आराखडा क्रिस्टियान एरेनफ्रीड व्हायगेल यांनी १७७१ मध्ये प्रसिद्ध केला होता. लीबिग यांनी त्याचा प्रसार केला; शोधाचा दावा त्यांनी केला नव्हता.

खरा पालट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाला व त्याची प्रेरणा कर आणि इंधन यांच्या खर्चातून आली. स्कॉटलंडमध्ये भट्टीच्या आकारमानावर कर बसू लागताच कारखानदारांनी उथळ, पसरट भट्ट्या बांधून त्या काही मिनिटांत रिकाम्या करण्याचा सपाटा लावला. फ्रान्समध्ये माँपेल्ये येथे एद्वार आदाम यांनी १८०१ मध्ये ओळीने जोडलेल्या पात्रांचे एकस्व घेतले. एका पात्रातील बाष्प पुढच्या पात्रातील द्रव तापवी व स्वतः अधिक समृद्ध होई. अनुकरण करणाऱ्यांशी न्यायालयात झगडता झगडता कफल्लक झालेले आदाम १८०७ मध्ये वारले. सेलिए-ब्लूमेंताल यांनी १८१३ मध्ये हीच कल्पना तबकड्यांच्या उभ्या स्तंभात आणली. स्तंभात बाष्प वर चढते, द्रव खाली उतरतो व प्रत्येक तबकडीवर जणू एक छोटे ऊर्ध्वपातन होते. पूर्वी अबकारी अधिकारी असलेल्या इनीअस कॉफी यांनी १८३० मध्ये दोन स्तंभांच्या अखंड चालणाऱ्या यंत्राचे एकस्व घेतले. येणारा थंड द्रव जाणाऱ्या बाष्पाने तापत असल्याने त्यात इंधनाची मोठी बचत झाली.

याच तत्त्वावर पुढे खनिज तेलाचा उद्योग उभा राहिला. धाकटे बेंजामिन सिलिमन यांनी १८५५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील तेलाचे भागशः ऊर्ध्वपातन करून त्यातील घटकांच्या उपयोगांचा अहवाल दिला. भारतात दिग्बोई (आसाम) येथील परिष्करणशाला १९०१ मध्ये, तर मुंबईत तुर्भे येथील दोन परिष्करणशाला १९५४ व १९५५ मध्ये सुरू झाल्या. द्रवरूप हवेच्या भागशः ऊर्ध्वपातनाच्या साहाय्याने रॅम्झी व ट्रॅव्हर्स यांनी १८९८ मध्ये क्रिप्टॉन, निऑन व झेनॉन ही मूलद्रव्ये शोधून काढली.

तथापि स्तंभ कितीही उंच केला, तरी अल्कोहॉल वजनी सु. ९५·६ टक्क्यांपलीकडे जात नाही. या प्रमाणात द्रव व बाष्प यांचे संघटन एकच असते आणि मिश्रण शुद्ध अल्कोहॉलपेक्षाही किंचित कमी तापमानास उकळते. अशा मिश्रणांना १९११ मध्ये वेड व मेरिमन यांनी ‘अ‍ॅझिओट्रोप’ हे नाव दिले. त्याआधी १९०२ मध्ये सिडनी यंग यांनी बेंझीन मिसळून उरलेले पाणी काढून दाखविले होते.

मिथिल अल्कोहॉल ६४·७° से. ला उकळते, म्हणून भट्टीची पहिली धार ओतून दिली की दारू निर्विष होते, असा समज हातभट्टीच्या धंद्यात व इतरत्रही आढळतो. तो चुकीचा आहे. पाण्याच्या व एथिल अल्कोहॉलाच्या संगतीत मिथिल अल्कोहॉल सर्व भागांत विखुरते व साध्या पात्राने ते वेगळे होत नाही. चवीने वा वासाने ते ओळखू येत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक अम्ल होऊन प्रथम दृष्टी जाते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाड–मालवणी येथे मिथिल अल्कोहॉलयुक्त दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तेथे तर ते भट्टीतून आलेलेच नव्हते, कारखानी मिथिल अल्कोहॉल दारू म्हणून विकले गेले होते.