मुलांनाच निवडू दिले तर?

"डॉक्टर, हा काही खातच नाही!" ही तक्रार शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतही होती. तेव्हाचे डॉक्टर मुलांना काय, किती, केव्हा भरवायचे याचे तक्तेच देत. मुले तोंड फिरवत.

1926 मध्ये डॉ. क्लारा डेव्हिस यांनी वेगळे काही करून पाहिले. पुढे एकूण 15 मुलांवर हा प्रयोग झाला. नुकतेच अंगावरून तोडलेल्या बाळांपुढे ट्रे ठेवायचा: दूध, फळे, भाज्या, धान्ये, मासे, मटण, मीठसुद्धा वेगळे. बाळाने हात पुढे केला तरच नर्सने चमचा भरवायचा. आग्रह नाही, कौतुकही नाही. कुणी सकाळी संत्र्याचा रस आणि लिव्हर खाई! तरी सगळी मुले छान वाढली. मुडदूस झालेल्या एका बाळापुढे कॉड लिव्हर ऑइल ठेवले, ते त्याने हाडे सुधारेपर्यंत आपणहून घेतले आणि मग सोडले.

यावरून 'मुलाला हवे ते खाऊ द्या' असा अर्थ काढणे मला पटत नाही. खरी गोम यादीत आहे, असे डेव्हिस यांनीच 1939 मध्ये लिहिले. निवड मुलांची होती, पण ट्रेमध्ये साखर किंवा पाव नव्हताच. प्रक्रिया केलेले पदार्थ ठेवून हाच प्रयोग त्यांना करायचा होता, पण मंदीमुळे तो राहून गेला.