संमेलनाच्या सुट्टीत पुण्याच्या पेठा



बचत गटाच्या संमेलनाला पुण्याला जाऊन आलेल्या आपल्यात कितीतरी जणी आहेत. गळ्यात ओळखपत्र, हातात कापडी पिशवी, पिशवीत वही-पेन. सभागृहात भाषणं, दुपारी पुरीभाजी, परत भाषणं आणि संध्याकाळी बसमध्ये. घरी आल्यावर शेजारीण विचारते, पुणं कसं आहे गं? आपण सांगतो, मोठं आहे. आम्ही चार वेळा पुण्याला गेलो आणि चारही वेळा एवढंच सांगितलं.

पाचव्या वेळी, 2024च्या हिवाळ्यात, दुसऱ्या दिवशीचे पाहुणे आलेच नाहीत. साडेबाराला जेवणं उरकली आणि बस होती सहाला. संयोजक म्हणाले, इथेच बसा, सिनेमा लावतो, बाहेर गेलात तर चुकाल. आम्ही बावीस जणी होतो. त्यातल्या अकरा जणी उठलो. बाकीच्यांना यायचं नव्हतं असं नाही. एकीचा नवरा दर तासाला फोन करत होता. दुसरी म्हणाली, विचारल्याशिवाय कशी येऊ? हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे बघितलं त्याचा या ‘विचारल्याशिवाय कशी’शी फार जवळचा संबंध आहे.

जुनं पुणं पायी बघण्यासारखं आहे, कारण ते पायी चालणाऱ्यांसाठीच वसलं. कसबा, शनिवार, बुधवार, गंज अशा पेठा एकमेकींना चिकटून आहेत. शिवाजीनगरहून निघालं की नव्या पुलावरून मुठा ओलांडायची. पुलाच्या तोंडाशीच शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा समोर येतो. दारावर हाताच्या लांबीचे टोकदार खिळे आहेत, हत्तीने डोकं घालू नये म्हणून. पहिल्या बाजीरावाने 1730 साली वाड्याचा पाया घातला, दोन वर्षांनी वास्तुशांत झाली, आणि 1828च्या आगीत आतलं सगळं जळालं. आता तट, दरवाजे, नगारखाना आणि आत नुसती जोती उरली आहेत. तिकीट काढून आत जाता येतं. आम्ही बाहेरूनच बघितलं, कारण अकरा जणींच्या तिकिटावरून हिशेब सुरू झाला आणि हिशेब सुरू झाला की आपल्या बायका लवकर थांबत नाहीत.

वाड्याच्या मागच्या अंगाला लाल महाल आहे. जिजाऊ आणि बाल शिवाजी इथे राहिले. मूळ महाल मात्र आता नाही, दिसते ती इमारत अलीकडची आहे. जवळच कसबा गणपती. तिथे पाच मिनिटं टेकलो, पाणी प्यालो आणि शिवाजी रस्त्याने दक्षिणेकडे चालायला लागलो.

दहा-बारा मिनिटांत दगडूशेठ हलवाई गणपती येतो. केवढी ती गर्दी! रस्त्यावर उभं राहूनसुद्धा मूर्ती दिसते, त्यामुळे जाणारा-येणारा तिथे थांबून हात जोडतो. आम्हीही जोडले. मग आमच्यातल्या एका शिक्षिकाताईंनी सांगितलं, आता मागे वळा.

मागे वळलो. रस्त्याच्या पलीकडे पत्रे लावलेले होते. गटातल्या सगळ्यांत वयस्कर मावशी म्हणाल्या, “काय बघायचं हितं? पत्रं?”

ती भिडेवाड्याची जागा. 1848 साली, जोतीराव अवघे एकवीस वर्षांचे आणि सावित्रीबाई सतरा वर्षांच्या असताना, तात्यासाहेब भिड्यांच्या या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. मोडकळीला आलेला वाडा बरीच वर्षं कोर्टकचेरीत अडकला होता. निकाल लागल्यावर 2023च्या डिसेंबरात महापालिकेने तो उतरवला, कारण तिथे स्मारक व्हायचं आहे. म्हणजे ज्या भिंतीत शाळा भरली ती भिंत आता कुणालाच दिसणार नाही. आम्हाला याचं वाईट वाटलं. भिंत वाचवायला इतकी वर्षं का लागावीत, हा प्रश्न आम्ही तिथेच एकमेकींना विचारला आणि उत्तर कुणाकडेच नव्हतं. लोक आमच्या बाजूने येत होते, आमच्याकडे पाठ करून गणपतीला नमस्कार करत होते आणि निघून जात होते.

पण खरी गोष्ट भिंतीची नाहीच, वाटेची आहे. फुल्यांचं बिऱ्हाड गंज पेठेच्या बाजूला. तिथून बुधवार पेठेत शाळेला यायचं म्हणजे अर्ध्या गावातून यायचं. तेव्हा हे रुंद रस्ते नव्हते, वाड्यांच्या मधून बोळ होते आणि बोळातून चालणाऱ्या बाईला ओट्यावरचा प्रत्येक माणूस बघत होता. बाईने शिकणं पाप, शिकवणं त्याहून मोठं पाप. सावित्रीबाईंच्या अंगावर लोक शेण टाकत, चिखल टाकत, खडे मारत. म्हणून त्या एक जादा लुगडं बरोबर नेत, शाळेत गेल्यावर बदलत आणि घाण झालेलं तिथेच वाळवत. ही गोष्ट आपण तीन जानेवारीला, त्यांच्या जयंतीला, दरवर्षी ऐकतो. ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे शाळा येते, फळा येतो. त्या दिवशी पत्र्यांपुढे उभं राहिल्यावर पहिल्यांदा रस्ता डोळ्यांपुढे आला. शाळा दिवसातून काही तास. रस्ता मात्र जाताना एकदा आणि येताना एकदा, रोजचा. मारहाण, शिव्या जे काही होतं ते रस्त्यावर होतं.

मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मंग ती बाई ज्या रस्त्यानं आली तो रस्ता दाखवा की.”

म्हणून ठरलं, गंज पेठेपर्यंत उलट चालत जायचं.

वाटेत थोडं आडवळण घेऊन बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा बघितला. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला, पुढची बाजू सगळी कोरीव लाकडाची. शेणाच्या गोष्टीची दुसरी बाजू याच वाड्यात आहे. 1852 साली इंग्रज सरकारने इथे जोतीरावांचा शाल देऊन जाहीर सत्कार केला, मुलींच्या शाळा काढल्याबद्दल. चारच वर्षांत तेवढा फरक पडला होता. रोज शाळेला चालत जाणाऱ्या बाईलाही त्या दिवशी शाल मिळायला हवी होती, असं आमचं मत.

तिथून लक्ष्मी रस्ता लागूनच आहे. कपड्यांच्या, सोन्याच्या दुकानांनी तो इतका भरलाय की हुजूरपागा शाळेची पाटी सहज नजरेतून सुटते. पेशव्यांच्या खासगी घोड्यांची पागा होती तिथे 1884 साली मुलींचं हायस्कूल उभं राहिलं. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर ही मंडळी त्यामागे होती आणि लोकमान्य टिळकांचा त्या शिक्षणाला विरोध होता. त्याच रस्त्यावर सेवासदन आहे. रमाबाई रानड्यांनी ते 1909 साली पुण्यात सुरू केलं. विधवा, टाकलेल्या, शिकायचं राहून गेलेल्या बायका तिथे येऊन शिकल्या, कुणी शिक्षिका झाल्या, कुणी नर्स. आपल्याकडच्या आशाताईंना आणि सिस्टरांना हे माहीत असावं असं आम्हाला वाटतं.

1920च्या सुमारास पुण्याच्या नगरपालिकेपुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला. पैसा कमी आहे, आधी मुलांना सक्ती करू, मुलींचं मागाहून बघू, असं म्हणणारे पुष्कळ होते. तेव्हा रमाबाई पुढे झाल्या. बायकांच्या सभा झाल्या आणि बायका मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरल्या. सावित्रीबाई एकट्या चालल्या होत्या, सत्तर वर्षांनी याच पेठांतून बायका घोळक्याने चालल्या. आणि हेही सोपं नव्हतं. मधल्या काळात काशीबाई कानिटकरांच्या पिढीतली बाई पायात जोडे घालून, हातात छत्री घेऊन बाहेर पडली तरी लोक टवाळी करत, खडे मारत. नुसत्या छत्रीसाठी! आमच्या अकरा जणींत सहा छत्र्या होत्या, उन्हासाठी आणलेल्या. त्यांच्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही.

तुळशीबागेत आम्ही शिरलो आणि तिथे पाऊण तास गेला. बांगड्या, टिकल्या, पितळेची भातुकली. सगळ्यांत आत रामाचं जुनं देऊळ आहे, पेशवाईतलं. त्याचं दर्शन फक्त दोघींनी घेतलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

मग मंडई. अष्टकोनी घुमटाखाली दगडी गाळे आणि भाजीच्या राशी. घाऊक बाजार आता गुलटेकडीच्या मार्केट यार्डात असतो, इथे किरकोळ विक्री. आमच्यातल्या एकीने मेथीच्या जुडीचा भाव विचारला आणि तिचा चेहराच बदलला. तीच मेथी आम्ही आठवडे बाजारात कितीला देतो ते तिने विकणाऱ्या मावशींना सांगितलं. त्या मावशी म्हणाल्या, “बाई, मधे किती हात लागतात ते मला विचार.” दोघींचं अर्धा तास जमलं. संमेलनात ‘बाजारपेठ जोडणी’वर जे सत्र होणार होतं ते आमचं इथे झालं, असं आम्ही अहवालात लिहिलं आहे.

या मंडईची कथा मजेची आहे. 1886च्या सुमारास ती बांधून झाली तेव्हा नाव होतं रे मार्केट, तेव्हाच्या गव्हर्नरचं. जोतीराव 1876 ते 1882 पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईवर एवढा खर्च करण्याला त्यांचा विरोध होता, तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला नाव मिळालं महात्मा फुले मंडई. ज्याने नको म्हटलं त्याचंच नाव!

मंडईपासून गंज पेठेतला फुलेवाडा पायी वीस मिनिटांच्या आत. कौलारू, ठेंगणा, आपल्या गावातल्या बऱ्या घरासारखा. शनिवारवाड्यासमोर आम्ही परक्यासारखे उभे होतो, इथे चपला काढून सरळ ओसरीवर बसलो. अंगणात विहीर आहे. 1868 साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. 1863 साली याच जोडप्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवेने इथे यावं, बाळंत व्हावं, पाहिजे तर मूल ठेवून जावं. बाळंतपणं सावित्रीबाई करत. अशाच एका काशीबाईचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला.

शिक्षिकाताईंनी तिथे मुक्ता साळवेची गोष्ट सांगितली. मांग समाजातली, फुल्यांच्या शाळेत शिकलेली, चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने निबंध लिहिला आणि तो 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळा सुरू होऊन सातच वर्षं झाली होती. आमच्यातल्या एक अक्का मातंग समाजातल्या आहेत. त्या म्हणाल्या, “ही आमची आणि मला साठाव्या वर्षी कळतंय.” त्यांच्या बोलण्यात राग होता. आम्ही गप्प बसलो, कारण राग बरोबर होता.

अंगणात जोतीरावांची समाधी आहे. 1890च्या नोव्हेंबरात ते गेले तेव्हा टिटवं कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद काढला. सावित्रीबाईंनी टिटवं स्वतः हातात घेतलं आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. 1897 साली प्लेगात आजारी मुलाला उचलून दवाखान्यात नेताना त्यांनाही लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या.

एक गोष्ट राहिली. पुण्यात संमेलनाला येणाऱ्या आपण काही पहिल्या नाही. 1927च्या जानेवारीत अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन पुण्यातच, नदीपलीकडे फर्ग्युसन कॉलेजात भरलं. अध्यक्ष होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड, विषय मुलींचं शिक्षण. आणि त्याच्याही आधी, 1882 साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्याच्या छापखान्यात छापलं गेलं. लांबच्या गावातल्या बाईचा शब्द पुण्याच्या पेठेत आला होता.

आता कामाचं. पुढच्या वेळी जाणार असाल तर साध्या, घट्ट बसणाऱ्या चपला घाला. पाण्याची बाटली जवळ ठेवा. स्वच्छतागृहाचे हाल आहेत, म्हणून विश्रामबागवाड्याच्या भागातून निघण्याआधीच एखाद्या हॉटेलात चहा घ्या आणि तिथली सोय वापरा. आम्ही तीन तास अडकलो होतो, संकोच करून चालत नाही. परत येताना मंडईखालून मेट्रो घ्या, शिवाजीनगरला सोडते. सरकत्या जिन्यावर पदर सांभाळा.

साडेपाचला सभागृहात पोचलो. बसमध्ये मावशींच्या मालकांचा फोन आला, दिवसभर कुठं होतीस म्हणून. मावशी म्हणाल्या, “चालत हुते.” आणि फोन ठेवून पाय चोळत बसल्या.

पुढच्या गुरुवारी याच वेळी गावरान बियाण्यांच्या साठवणीबद्दल बोलू. संमेलनाची तारीख ठरली असेल तर अर्ध्या दिवसाची मोकळीक कार्यक्रमपत्रिकेतच मागून घ्या. नमस्कार.