अलेक्सिसच्या पोटाची खिडकी



मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात पचनसंस्थेचं चित्र असतं. वर अन्ननलिका, खाली पिशवीसारखं जठर, मग आतड्यांची वेटोळी. ‘जठरात पाचक रस सुटतो’ हे वाक्य मुलं घडाघडा म्हणतात. पण जिवंत माणसाच्या पोटात डोकावून हे पाहिलं कुणी? आणि ते पोट कुणाचं होतं?

दोनशे वर्षांपूर्वी यावर शहाण्यांचंही एकमत नव्हतं. कुणी म्हणे जठर जात्यासारखं दळतं, कुणी म्हणे अन्न तिथं आंबतं, कुणी म्हणे पोटातल्या उष्णतेनं ते शिजतं. आपल्याकडेही जठराग्नी म्हणतातच.

6 जून 1822. उत्तर अमेरिकेत ह्युरॉन नावाच्या मोठ्या सरोवरात मॅकिनॅक बेट आहे. तिथं जनावरांच्या केसाळ कातड्यांचा व्यापार चाले. अलेक्सिस सेंट मार्टिन हा कॅनडातला फ्रेंच बोलणारा तरुण त्या व्यापाऱ्यांच्या होड्या वल्हवायचा, ओझी वाहायचा. कंपनीच्या दुकानात चुकून कुणाची तरी बंदूक उडाली आणि डाव्या बरगड्यांपाशी त्याला मोठं भगदाड पडलं. लष्करातले डॉक्टर विल्यम बोमाँट धावत आले. हा काही जगत नाही, असंच त्यांना वाटलं. पहिले 17 दिवस तो जे खाई ते जखमेतून बाहेर येई.

पण तो जगला. जठराची कड बरगडीजवळच्या कातडीला चिकटून भरली आणि भोक तसंच राहिलं. पुढं त्यावर आतून मांसाचा पडदा आला. बोटानं तो सारला की आतलं सगळं दिसे.

काम नाही, पैसा नाही. गावानं खर्च उचलायचं नाकारलं, तेव्हा डॉक्टरांनी त्याला आपल्या घरी ठेवलं. तो लाकडं फोडी, घरची कामं करी आणि उरलेल्या वेळात पोट उघडं करून पडून राही.

1 ऑगस्ट 1825 ला डॉक्टरांनी मांसाचे तुकडे, शिळा पाव आणि चिरलेला कच्चा कोबी रेशमी दोऱ्याला बांधून भोकातून आत सोडले. तासानं ओढून पाहिलं तर कोबी आणि पाव निम्मे विरघळलेले, मांस तसंच. आणखी तासानं शिजवलेलं मांसही गेलं होतं. मग त्यांनी जठराचा रस बाटलीत काढला, त्यात मांस टाकलं आणि बाटली अंगाइतक्या गरम पाण्यात ठेवली. बाटलीत ना जातं ना चूल, तरी काही तासांत मांस विरघळलं. रस गार असला की मात्र काम थांबे. म्हणजे ऊब लागते, पण काम रसाचं. तो रस आंबट, त्यात तीव्र आम्ल असतं, हेही तपासणीत कळलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी टिपली. अलेक्सिस चिडला की पचन मंदावे आणि जठरात पिवळं पित्त दिसे. ‘पित्त खवळलं’ असं आपण उगाच म्हणत नाही.

आणि तो चिडणारच होता! उपाशीपोटी तासन्‌तास पडून राहायचं, भोकातून नळी घालून रस काढला की पोटात कालवायचं, गरगरायचं. तो एकदा कॅनडात निघून गेला. तिथं लग्न केलं. 1829 मध्ये बायको मारी आणि मुलांना घेऊन परत आला, कारण घर चालवायचं होतं. दोन वर्षांनी मारीला माहेरच्या मुलखाची ओढ लागली आणि सगळं कुटुंब होडीतून नद्या-सरोवरं ओलांडत घरी गेलं. मला या सगळ्या हकिकतीत मारीच सर्वांत शहाणी वाटते.

1832 मध्ये करार झाला. वर्षाला 150 डॉलर, खाणं-राहणं, आणि बदल्यात पोट डॉक्टरांच्या हवाली. अलेक्सिसला सही येत नव्हती. त्यानं कागदावर फुली मारली. पुढच्याच वर्षी डॉक्टरांचं पुस्तक छापून आलं आणि जगभर त्यांचं नाव झालं. पुढं अलेक्सिस गेला तो गेलाच. डॉक्टर वर्षानुवर्षं पत्रं पाठवत राहिले, तो काही आला नाही.

बोमाँट 1853 मध्ये वारले. पोटाला भोक असलेला अलेक्सिस त्यानंतर 27 वर्षं जगला. 1880 मध्ये तो गेला, तेव्हा काही डॉक्टरांना त्याचं जठर हवं होतं. घरच्यांनी उन्हाळ्याच्या दिवसांत मुद्दाम प्रेत कुजेपर्यंत घरी ठेवलं, म्हणजे कुणाच्या उपयोगाचं राहू नये. मग 8 फूट खोल खड्डा खणून त्याला पुरलं.