कै. अनुताई वाघ : एक ऋणस्मरण

स्मरणिकेसाठी ‘काहीतरी लिहाच’ असा आमच्या चिटणीसबाईंचा आग्रह झाला, तेव्हा मी प्रथम हातच जोडले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हळदीकुंकवाची यादी आणि भिशीचा हिशेब यापलीकडे माझी लेखणी कधी गेलेली नाही. परंतु ज्यांच्याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते, त्या बाईंचे चरित्र आठवले आणि धीर आला. त्या म्हणजे कै. अनुताई वाघ. भगिनींनी माझे वेडेवाकडे लिहिणे गोड मानून घ्यावे.

मी अनुताईंना पाहिलेले नाही. त्या २७ सप्टेंबर १९९२ रोजी कोसबाडला वारल्या. त्याच वर्षीच्या जूनमध्ये माझी शाळा सुटली होती. आई चार घरी पोळ्या करायला जाई. धाकटा भाऊ तेव्हा दहा महिन्यांचा. त्याला सांभाळायचे कोणी? मी थोरली, म्हणून मी घरी राहिले. कोणी रागावले नाही, कोणी रडलेही नाही. दप्तर खुंटीला लागले ते लागलेच. त्यात काही वावगे आहे असे तेव्हा माझ्याही मनात आले नाही. घरोघरी असेच चाले.

अनुताई आपल्या पुणे जिल्ह्याच्याच. अष्टविनायकाच्या यात्रेत आपण ज्या मोरगावी मयूरेश्वराला जातो, तिथे १७ मार्च १९१० रोजी त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे पुढे काय होई, ते आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितलेले आहे. पण अनुताई शिकल्या. व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा दिली, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिकेचे शिक्षण घेतले आणि नाशिक जिल्ह्यात चांदवडकडे खेड्यातल्या शाळेत नोकरी धरली.

१९३३ साली त्या पुन्हा पुण्यास आल्या, त्या हुजूरपागेत शिक्षिका म्हणून. लक्ष्मी रस्त्यावर साड्यांच्या खरेदीला जाताना आपण या शाळेवरूनच जातो. पेशव्यांच्या खासगी घोड्यांची पागा होती ती जागा. मुलींची ही शाळा १८८४ साली सुरू झाली. अशा नावाजलेल्या शाळेत अनुताई अकरा-एक वर्षे होत्या. दिवसा मुलींना शिकवीत आणि रात्री स्वतः रात्रशाळेत विद्यार्थिनी होऊन बसत. १९३७ साली, सत्ताविसाव्या वर्षी, त्या मॅट्रिक झाल्या. पदवी तर त्यांनी एक्कावन्नाव्या वर्षी, १९६१ साली मिळविली. हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले होते.

पुण्यातली नोकरी चांगली होती. तिथेच राहून त्या मानाने निवृत्त झाल्या असत्या. परंतु १९४५ साली कस्तुरबा निधीच्या शिबिरात त्यांची गाठ ताराबाई मोडक यांच्याशी पडली. ताराबाई या बालशिक्षणातल्या फार मोठ्या बाई. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी भावनगरला काम केले होते. खेड्यातल्या गरीब मुलांसाठी बालवाडी काढावी, असे त्यांच्या मनात होते. अनुताई त्यांच्याबरोबर समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि पुढे जन्मभर तिकडच्याच झाल्या.

बोर्डीत बालवाडी काढली, पण वस्तीतली मुले काही येईनात. तेव्हा बाईच वस्तीत गेल्या. घरापुढच्या अंगणातच मुले जमवायची, त्यांचे हातपाय धुवायचे, नखे कापायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि गोष्टी. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. शहरातल्या बालमंदिरातली महागडी साधने कुठून आणायची? तेव्हा शंखशिंपले, बिया, पाने, माती आणि बांबू यांचीच साधने केली. पैसा लागला नाही, डोके मात्र लागले.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांमध्ये गेले. हे गाव डहाणू तालुक्यात, आजच्या पालघर जिल्ह्यात येते. तिथली थोरली मुलगी शाळेत येत नसे. का? तर कडेवर भावंड असे. मुलगा येत नसे, कारण त्याच्यामागे गुरे असत. यावर कोणी आईबापांना दोष देऊन मोकळा झाला असता. या दोघींनी तसे केले नाही. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला नाव दिले विकासवाडी. ताईने कडेवरचे बाळ पाळणाघरात ठेवावे, मधल्याला बालवाडीत सोडावे आणि आपण वर्गात जाऊन बसावे. गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरविली, ती कुरणशाळा.

ताराबाई १९७३ साली गेल्या. त्यानंतरही अनुताईंनी कोसबाडचे सर्व काम सांभाळले, ‘शिक्षणपत्रिका’ चालविली, पुस्तके लिहिली. १९८५ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. तत्पूर्वी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू केली होती. त्या केंद्रांना अंगणवाडी म्हणतात. आज ती गावोगावी आणि आपल्या वस्तीतही आहे. बोर्डीच्या अंगणातला शब्द असा देशभर गेला.

आता एक गोष्ट सांगायला संकोच वाटतो, पण सांगते. माझी थोरली पाचवीत असताना माझ्या जावेचे बाळंतपण घरी होते. कामाचा रगाडा होता. धाकटा तीन वर्षांचा, नुसता वांड. मी थोरलीला म्हटले, “चार दिवस घरी थांब, याला बघ.” चाराचे पंधरा दिवस झाले. आमच्या अंगणवाडीच्या ताई दारावरून जात होत्या. त्यांनी विचारले, “ही शाळेच्या वेळेला घरी कशी?” मी कारण सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, “त्याला उद्यापासून माझ्याकडे पाठवा आणि हिला शाळेत.” त्या रात्री मला झोप आली नाही. जे माझ्या आईने नाइलाजाने केले, ते मी विचार न करता करीत होते. त्याच ताईंनी पुढे मला ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे अनुताईंचे पुस्तक वाचायला दिले. कडेवरच्या भावंडाची हकिगत वाचताना वाटले, या बाईंना मी न सांगता कळले होते. माझी थोरली आता कॉलेजात शिकते आहे.

अनुताईंची जयंती-पुण्यतिथी आली की फोटोला हार घालणे सोपे आहे. पण आपल्या मागच्या गल्लीत आजही कडेवर भावंड घेऊन दारात उभ्या असलेल्या मुली मी पाहते. मंडळाची खोली सकाळी अकरा ते चार रिकामीच असते. आपण वीस-पंचवीस जणी आहोत. दोघी-दोघींनी पाळीने बसून पाच-सात लहानग्यांना सांभाळले, तर तेवढ्याच मुली शाळेत जातील. येत्या सभेत ही सूचना मी मांडणार आहे. खर्चाचे विचाराल तर एक सतरंजी, दोन पाळणे आणि बियांचा एक डबा, एवढ्यावर आरंभ होईल. भगिनींनी अनुमोदन द्यावे, ही विनंती.

आणि माझ्यापुरते म्हणाल, तर दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा मी ठरविले आहे. घरी हसतात. हसोत बापडे. वयाचे कोणी काढलेच, तर अनुताईंची एक्कावन्न वर्षे त्यांना सांगेन.

त्या थोर शिक्षिकेस माझे विनम्र अभिवादन.