सोळा आण्यांची साखळी

आमच्या जुन्नर तालुक्यात माणसांची नावं असलेली मापं पाहायची असतील तर खोडदला जायचं. तिथं जीएमआरटीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना आकाशातल्या रेडिओ लहरी टिपतात. विज्ञान दिनाच्या आसपास शाळेची सहल गेली की तिथल्या फलकांवर हर्ट्झ आणि जान्स्की वाचायला मिळतं. हर्ट्झ भौतिकशास्त्रज्ञ, जान्स्की रेडिओ अभियंता. एका गणितज्ञाचं माप मात्र मला खोडदला नाही, घरच्या ट्रंकेत सापडलं. तेही भांडणामुळे.

आमचं गाव नारायणगाव आणि मंचरच्या मधलं. वडिलांच्या आणि नानांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या, वाटणीत विहिरीजवळचा एक एकराचा तुकडा नानांकडे गेला. जुन्या उताऱ्यावर तो '१ एकर ० गुंठे' होता. नव्यावर तोच '०.४० हेक्टर-आर'. एक आर म्हणजे एक गुंठा हे गावात सगळे धरून चालतात, त्यामुळे चाळीस गुंठे म्हणजे चाळीस आर, विषय संपला. पण नानांच्या मुलानं मोबाइलवर हिशोब केला आणि विषय पेटला. एक आर १०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०७६ चौरस फूट. एक गुंठा १०८९ चौरस फूट. फरक तेराचा, पण चाळीस पट केला की पाचशे चौरस फुटांच्या वर जातो. मंचरमध्ये तेवढ्यात माणूस संसार मांडतो. नानांनी वडिलांवर बांध कोरल्याचा आळ घेतला आणि घरातलं बोलणं बंद झालं.

मोजणीचा अर्ज द्यायला म्हणून ट्रंकेतले कागद काढले. त्यात टिपणाची नक्कल होती. टिपण म्हणजे शेताचा हातानं काढलेला कच्चा नकाशा, ज्याच्या प्रत्येक बाजूवर लांबी लिहिलेली असते. ती ना फुटांत होती ना मीटरमध्ये. साखळी आणि आण्यांत होती. आण्यांत लांबी? मी आधी ते शेतसाऱ्याचे पैसेच समजलो.

मुंबई इलाख्याच्या मोजणीत साखळी ३३ फुटांची असायची आणि तिचे सोळा आणे. एक आणा दोन फुटांहून पाऊण इंच जास्त. लांबी साखळ्यांत मोजा, रुंदी साखळ्यांत मोजा, गुणाकार करा, उत्तर थेट गुंठ्यांत. कारण ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९, तोच आपला गुंठा. पाच साखळ्या रुंद, आठ साखळ्या लांब, की झाले चाळीस गुंठे, एक एकर. रुपया-आण्यांचा हिशोब तोंडपाठ असलेल्या मोजणीदारासाठी याहून सोपं काय असणार?

पण ३३च का? इथं एडमंड गंटर येतो. १५८१ साली जन्मलेला हा इंग्रज गणितज्ञ धर्मोपदेशकही होता आणि १६१९पासून लंडनच्या ग्रेशम कॉलेजात खगोलशास्त्र शिकवायचा. आपण शाळेत घोकतो त्या 'कोसाइन' आणि 'कोटँजंट' या शब्दांचं श्रेयही त्याच्याकडे जातं. १६२०च्या दशकात त्यानं जमीनमोजणीसाठी ६६ फुटांची, शंभर कड्यांची साखळी आणली. ६६ आकडा विचित्र वाटतो. पण तिकडचा एकर आधीच ठरलेला होता, ४३,५६० चौरस फुटांचा, आणि गंटरच्या दहा चौरस साखळ्या म्हणजे बरोबर एक एकर. शंभर कड्यांमुळे अपूर्णांक दशांशात मावले. शेतात उभं राहून हिशोब करणाऱ्याला फक्त गुणाकार करून टिंब सरकवायचं. जुनं वेडंवाकडं माप न मोडता त्यात दशमान घुसवणं ही खरी हुशारी. मला ती कोसाइनपेक्षा मोठी वाटते, पण मी पडलो शेतकऱ्याचा पोरगा.

आपली साखळी त्याच्या बरोबर अर्धी. एकर कंपनी सरकारसोबत आला, त्याचे चाळीस गुंठे झाले, आणि एका गुंठ्याची बाजू ३३ फूट भरली. मला तरी हा योगायोग वाटत नाही. फक्त कडी गेली आणि आणा आला. गंटर आणि गुंठा या नावांतलं साम्य मात्र निव्वळ योगायोग. गुंठ्याचं नातं कानडी 'गुंटे'शी आहे.

त्याआधी इथं काठी होती. शिवकाळातली काठी पाच हात पाच मुठींची सांगतात आणि वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद जमिनीचा एक बिघा. गंटरची साखळी लंडनमध्ये नवी होती त्याच सुमारास, १६३०मध्ये, शिवनेरीवर शिवाजी महाराज जन्मले. काठीचा दोष उघड आहे: हात कुणाचा, मूठ कुणाची? साखळीला हा प्रश्न विचारता येत नाही. ती दोघा भावांना सारखीच.

देवळालीच्या कापरेकर गुरुजींचं नाव ६१७४ला लागलं आणि जगभर टिकलं, ते रास्तच. इंग्लंड-अमेरिकेत आजही 'गंटर्स चेन' म्हणतात. आपल्याकडे ती नुसती साखळी. नाव गेलं, माप राहिलं. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात याच्या उलट झालं. मूळ आंबेगाव डिंभे धरणात बुडालं, कारभार घोडेगावातून चालतो, आणि नाव मात्र तालुक्यानं धरून ठेवलंय. आत्या तिकडचीच. टिपण बघून ती म्हणाली, "आमचं तर शेत पाण्यात, भांडायला बांधसुद्धा उरला नाही." दोघे भाऊ खाली बघत बसले.

मोजणीला तरुण भूमापक आला तो उपग्रहावर चालणारं यंत्र घेऊन. त्याला मी टिपणावरच्या साखळ्या फुटांत करून दिल्या. रुंदी १६५, लांबी २६४. त्यानं खुणा केल्या. दगड जिथं होता तिथंच निघाला. जमीन एक एकरच होती, ४०.४७ आर. कधीतरी कुणीतरी उतारा बदलताना दशांशचिन्हापुढचे ४७ सोडून दिले होते आणि आम्ही ते शेतात शोधत होतो.

नाना बराच वेळ दगडाकडे बघत राहिले. मग वडिलांना म्हणाले, "चहा सांग."

सोयाबीन निघाल्यावर त्या मोकळ्या तुकड्यात पोरांनी क्रिकेट मांडलं. पिच बावीस यार्डांचं असतं, म्हणजे ६६ फूट, अख्खी एक गंटरची साखळी. हे मी त्यांना सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, बावीस पावलं टाकली, आणि मला मिड-विकेटला उभं केलं.