स्टेपर की सर्वो: एका जुन्या प्रश्नाची गोष्ट

माझा एक माजी विद्यार्थी मध्यंतरी घरी आला तो काखेत सागवानी पाटी घेऊनच. त्याने स्वतः जुळवलेलं छोटं सीएनसी राउटर आहे, त्यावर तो नावाच्या पाट्या कोरतो. या पाटीवर उर्दूत ‘ख़ुदादाद मंझिल’ हवं होतं. अक्षरं उत्तम उतरली होती. नुक्ते शेवटी कोरायचे होते. मधेच लाकडाची गाठ लागली, मोटर क्षणभर अडकली आणि त्यानंतरचं सगळं काम बोटभर खाली सरकलं. ‘खे’च्या डोक्यावरचा नुक्ता गेला पोटाखाली आणि ‘खे’चा झाला ‘जीम’. ख़ुदाचा जुदा झाला! उर्दू वाचणाऱ्याला या चुकीचं गांभीर्य वेगळं सांगायला नको. सागाचं लाकूड गेलं, गिऱ्हाईकही गेलं.

“सर, स्टेपर काढून सर्वो टाकू का?” त्याने विचारलं. मी भाषेचा मास्तर, मला मोटरमधलं काय कळणार? पण प्रश्न डोक्यात राहिला आणि वाचत गेलो तसं लक्षात आलं की, हा प्रश्न फार जुना आहे.

आधी फरक समजून घेऊ. स्टेपर मोटर विजेच्या प्रत्येक ठोक्याला ठरलेलं एक पाऊल फिरते. नेहमीच्या स्टेपरची एका फेऱ्यात 200 पावलं होतात, म्हणजे एक पाऊल 1.8 अंशांचं. एका फेऱ्यात 5 मिलिमीटर सरकणारा स्क्रू जोडला तर एका पावलात 0.025 मिलिमीटर. हिशेब चोख आहे, पण तो एकतर्फी आहे. कंट्रोलर ठोके मोजतो, पाऊल खरंच पडलं की नाही हे पाहत नाही. सर्वोच्या मागे एन्कोडर असतो. तो ‘मी आत्ता इथे आहे’ असं सतत कळवतो. हुकूम आणि प्रत्यक्ष जागा यांत फरक पडला की मोटर जोर लावून तो भरून काढते आणि फरक फारच वाढला तर मशीन थांबते.

हे दोन्ही विचार आपल्याला अल-जझरीच्या ग्रंथात शेजारी शेजारी सापडतात. दियारबकरच्या अर्तुकी दरबारातल्या या कारागिराने 1206 साली आपला ग्रंथ पुरा केला. त्यात वादकांची एक नाव आहे. फिरत्या दांड्यावरच्या खुंट्या पुतळ्यांचे हात हलवतात. खुंटी जसं सांगेल तसं, हात खरंच हलला की नाही याची विचारपूस नाही. त्याच ग्रंथातल्या किल्ल्याच्या घड्याळात मात्र तरंगता झडप-गोळा आहे. पाणी वाढलं की तो वर येऊन वाट बंद करतो, कमी झालं की उघडतो. यंत्र स्वतःची स्थिती पाहून स्वतःला सावरतं. बगदादच्या बनू मुसा भावांनी नवव्या शतकातच अशा झडपा वापरल्या होत्या. व्हॉट्सअपवर ‘सगळा शोध आमचाच’ असे संदेश फिरतात, म्हणून सांगतो: तरंगत्या गोळ्याची कल्पना त्याहून जुनी, अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिओसची. आपल्या मंडळींनी ती जपली आणि वाढवली. हेही कमी नाही.

‘सर्वो’ हा शब्द जोसेफ फार्को या फ्रेंच इंजिनिअरच्या 1873 च्या पुस्तकातला. जहाजाचं सुकाणू वाफेच्या जोराने फिरवणारं यंत्र त्याने केलं होतं. लॅटिनमध्ये ‘सर्वुस’ म्हणजे गुलाम. गंमत पाहा, ज्याला गुलाम म्हटलं तोच धन्याला परत उत्तर देतो. निमूट हुकूम पाळणारा तो स्टेपर!

आकड्यांवर चालणारी पहिली मिलिंग मशीन अमेरिकेत एमआयटीच्या सर्वोमेकॅनिझम्स लॅबोरेटरीने 1952 मध्ये दाखवली. हेलिकॉप्टरची पाती बनवणाऱ्या जॉन पार्सन्सची ती मूळ कल्पना. छिद्रांच्या पट्टीवरून हुकूम वाचले जात आणि प्रत्येक अक्षाची जागा परत कळवली जाई. काम अचूक होई, पण कंट्रोलचं कपाट मशीनपेक्षा मोठं होतं.

जपानमध्ये फुजित्सुच्या सेइउएमोन इनाबांनी दुसरी वाट धरली. 1959 साली त्यांच्या चमूने विद्युत-हायड्रॉलिक पल्स मोटर तयार केली. छोटी पावलं टाकणारी मोटर तेलाच्या दाबावरच्या ताकदवान मोटरला चालवी. परत निरोप पाठवण्याची भानगड नाही, त्यामुळे काम सुटसुटीत. याच मोटरवर पुढे फॅनुक हे नाव मोठं झालं. मग 1973 चं तेलसंकट आलं. सतत तेलाचा दाब राखणारी यंत्रणा वीज खाते, हे सगळ्यांनाच बोचू लागलं. इनाबांनी स्वतःचं अपत्य बाजूला ठेवलं आणि 1974 मध्ये गेटीज या अमेरिकन कंपनीकडून डीसी सर्वो मोटरचं तंत्र परवान्यावर घेतलं. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत भावलेली घटना हीच. आपण पंधरा वर्षं वाढवलेली वस्तू मोडीत काढायला मन मोठं लागतं.

कारखान्यांत सर्वो जिंकला, तरी घरगुती मशीनमध्ये स्टेपर टिकून आहे. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या एड्रियन बोयर यांनी 2005 मध्ये सुरू केलेल्या रेपरॅप प्रकल्पातून स्वस्त थ्रीडी प्रिंटर पसरले, तेही स्टेपरवरच. प्रिंटरच्या तोंडाला लाकडाची गाठ लागत नाही, म्हणून तिथे निभावतं. राउटरला लागते. शिवाय वेग वाढला की स्टेपरचा जोर घसरतो. त्यामुळे घाई केली की पाऊल चुकतं.

विद्यार्थ्याला मी एवढंच विचारलं, “तुझी मोटर कमजोर आहे, की तू जास्त पळवतोस?” तो हसला. ईदच्या आधी ऑर्डरी उरकायच्या म्हणून त्याने वेग दुप्पट केला होता. तीन अक्षांना सर्वो घ्यायचे तर मशीनइतकाच खर्च पुन्हा. मग ठरलं ते असं: वेग आणि प्रवेग खाली आणायचा, एका फेरीत कमी खोल कोरायचं, आणि पाटी लांबीच्या ज्या अक्षावर सरकते तिथे एन्कोडर असलेला क्लोज्ड-लूप स्टेपर लावायचा. पाऊल चुकलं तर तो सावरतो आणि सावरता आलं नाही तर मशीन थांबवतो.

‘ख़ुदादाद’ची नवी पाटी त्याने परवा आणून दाखवली. नुक्ता मी पट्टीने मोजून पाहिला.