शेण कुणाचे, गॅस कुणाचा?

गोबरगॅसचा विषय निघाला की गोमातेचे गुणगान सुरू होते. आम्ही मात्र या इतिहासाची सुरुवात मुंबईतल्या माटुंग्यापासून करतो. आपल्या देशात असा गॅस वापरल्याच्या जुन्या नोंदींत तिथल्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमाची नोंद ठळक आहे. साल १८९७. तो गॅस शेणाचा नव्हता, माणसांच्या मैल्याचा होता. समाजाने ज्यांना दूर लोटले, त्यांचा मैला!

शेण आले ते नंतर. १९३९ मध्ये दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत देसाई यांनी शेणावर प्रयोग केले. पुढे १९५१ च्या सुमारास जशभाई पटेलांनी तरंगत्या टाकीचे ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र बनवले. खादी ग्रामोद्योग आयोगाने ते गावोगाव नेले आणि १९८१-८२ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रमच सुरू झाला.

आता जरा हिशोब करू. एक किलो शेणातून साधारण ३५ ते ४० लिटर गॅस मिळतो. लहान कुटुंबाच्या दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नासेक किलो शेण लागते, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे हवीत. शिवाय शेणाइतकेच पाणी आणि खड्ड्यापुरती स्वतःची जागा. भूमिहीनाकडे यातले काय होते? आपल्या समाजाच्या वाट्याला गावाने मेलेले ढोर ओढण्याचे काम दिले. जिवंत ढोराचे शेण मालकाच्या उकिरड्यावर गेले. आपल्या आज्या रस्त्यावरचे, माळावरचे शेण वेचून गोवऱ्या थापत. मालकाने खड्डा बांधला की त्या शेणालाही मोल येते, फुकट वेचणारीचा हात थांबतो. अनुदानात अनुसूचित जाती-जमातींसाठी थोडी जास्त रक्कम ठेवली गेली खरी. पण अनुदान टाकीला होते, म्हशीला नव्हते.

खड्ड्यातले जिवाणू हवेशिवाय कुजवतात आणि मिथेन तयार करतात. शेण आणि मैला यांत ते भेद करत नाहीत. तो भेद माणसांनी केला. कणकवलीच्या गोपुरीत अप्पा पटवर्धनांनी संडास गॅसला जोडण्याचा ध्यास घेतला, देहूत डॉ. मापुसकरांनी ते काम आयुष्यभर पुढे नेले. गांधीवादाशी आमचे भांडण आहे आणि राहील, पण या कामाचे श्रेय आम्ही नाकारत नाही. जनावर नसलेल्यांच्या वस्तीलाही सामूहिक संडासातून गॅस मिळू शकला असता आणि डोक्यावरची मैल्याची पाटी उतरवायला हातभार लागला असता. ते काम कडेलाच राहिले. विटाळाची भावना, हेच त्याचे मोठे कारण आहे असे आमचे मत आहे. मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध देशपातळीवरचा कायदा यायला १९९३ उजाडले, आणि २०१३ मध्ये पुन्हा नवा करावा लागला.

मागे एका वस्तीत आम्ही संयंत्राच्या अनुदानाचे अर्ज भरायला बसलो होतो. एका मावशींनी ‘जनावरांची संख्या’ हा रकाना बोटाने दाखवला आणि विचारले, “इथं शेजारणीच्या गाई लिहिल्या तर चालतंय का?”